सोलापूरहून परदेशात नगररचनेचं पदव्युत्तर शिक्षण: अभ्यासक्रम निवडण्यापासून प्रबंधाच्या परवानगीपर्यंत

परदेशात नगररचना शिकायचं ठरलं की बहुतेक जण आधी विद्यापीठांची जागतिक क्रमवारी उघडतात. तिथून सुरुवात केली की पुढची कामं उलट्या क्रमाने होतात. फी भरल्यावर कळतं की अभ्यासक्रम धोरणाचा होता आणि आपल्याला आराखडे काढायचे होते, किंवा पदवी चांगली आहे पण जिथे नोकरी करायची तिथे तिला व्यावसायिक मान्यता नाही. म्हणून आधी दोन प्रश्न सोडवा: कोणत्या प्रकारची नगररचना शिकायची, आणि पदवी कुठे वापरायची. देश, विद्यापीठ, पैसा हे सगळं त्यानंतर.

कोणती नगररचना?

एकाच नावाखाली निदान चार वेगळे विषय शिकवले जातात. पहिला स्थानिक नियोजन आणि धोरणाचा. यात जमीन वापर, नियोजन कायदा, गृहनिर्माण, जमिनीचं अर्थशास्त्र येतं. लंडनच्या यूसीएल विद्यापीठातल्या बार्टलेट स्कूल ऑफ प्लॅनिंगचे स्पेशियल प्लॅनिंग आणि इंटरनॅशनल प्लॅनिंग हे अभ्यासक्रम या गटातले. भूगोल, अर्थशास्त्र, सिव्हिल अशा कोणत्याही पार्श्वभूमीला इथे दार उघडं असतं आणि पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या कामांच्या नमुन्यांची फाइल, बहुधा लागत नाही.

दुसरा नागरी रचनेचा, म्हणजे अर्बन डिझाइन किंवा अर्बनिझम. नेदरलँड्समधल्या टीयू डेल्फ्टचा दोन वर्षांचा अर्बनिझमचा मार्ग या प्रकारचा. इथे स्टुडिओ, म्हणजे प्रकल्प घेऊन आराखडे काढण्याचं काम, हाच अभ्यासाचा गाभा असतो, पोर्टफोलिओ लागतो, आणि आर्किटेक्चर किंवा त्याच्या अगदी जवळची पदवी नसेल तर प्रवेश अवघड असतो. सिव्हिलच्या विद्यार्थ्यांनी हा अर्ज भरण्याआधी पात्रतेचं पान शब्द न् शब्द वाचावं.

तिसरा विकसनशील देशांतल्या शहरांचा: वस्त्या, अनौपचारिक रोजगार, पाणी, घरं. बार्टलेटमध्येच असलेलं डेव्हलपमेंट प्लॅनिंग युनिट, रॉटरडॅमची आयएचएस ही संस्था, जर्मनीत डॉर्टमुंडचा ‘स्प्रिंग’ अभ्यासक्रम ही ठळक नावं. स्प्रिंगचं पहिलं वर्ष डॉर्टमुंडला आणि दुसरं घाना, टांझानिया, फिलिपिन्स अशा देशांतल्या भागीदार विद्यापीठात असतं. सोलापूरसारख्या शहरातून येणाऱ्याला या गटात सर्वात जास्त सांगण्यासारखं असतं, तरी आपल्याकडचे विद्यार्थी तिकडे फारसे वळत नाहीत. आमच्या मते हा मोठा तोटा आहे.

चौथा तांत्रिक: वाहतूक नियोजन, पायाभूत सुविधा, भू-माहिती. एन्स्केडेमधली आयटीसी ही संस्था आणि स्टुटगार्ट विद्यापीठाचा इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅनिंगचा अभ्यासक्रम इथे बसतात. वालचंद, ऑर्किड किंवा सिंहगडमधून सिव्हिल केलेल्यांना ही वाट सरळ पडते. संगमेश्वर किंवा दयानंदमध्ये भूगोल घेतलेल्यांनाही आयटीसीचा विचार करता येईल, मात्र सांख्यिकी आणि नकाशाशास्त्राचे पेपर गुणपत्रिकेत दिसले पाहिजेत.

प्रकार कळण्यासाठी माहितीपुस्तक वाचून भागत नाही. प्रत्येक अभ्यासक्रमाची सत्रनिहाय विषययादी काढा आणि स्टुडिओचे, कायदा-धोरणाचे आणि सॉफ्टवेअरचे क्रेडिट वेगवेगळे जोडा. अर्ध्याहून जास्त क्रेडिट ज्या बाजूला, तो अभ्यासक्रम त्या प्रकारचा, नाव काहीही असो.

मान्यता आणि परतीचा रस्ता

ब्रिटनमध्ये नियोजनकार म्हणून काम करायचं असेल तर आरटीपीआयची, अमेरिकेत पीएबीची, ऑस्ट्रेलियात पीआयएची मान्यता असलेला अभ्यासक्रम घ्यावा. या त्या-त्या देशात नियोजनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्था आहेत. लिव्हरपूलला १९०९ मध्ये नगररचनेचा जगातला पहिला विद्यापीठीय विभाग सुरू झाला, आणि मान्यता देणाऱ्या व्यावसायिक संस्थांची परंपराही तिकडे तितकीच जुनी आहे. मालक जाहिरातीतच मान्यतेचा उल्लेख करतात. एकाच विद्यापीठातले दोन जुळे वाटणारे अभ्यासक्रम असतात, एकाला पूर्ण मान्यता, दुसऱ्याला अंशतः किंवा अजिबात नाही. विद्यापीठाचं नाव ऐकून थांबू नका, अभ्यासक्रमाचं नेमकं नाव संस्थेच्या यादीत शोधा.

परत यायचं असेल तर हिशेब वेगळा. भारतात व्यावसायिक संस्था म्हणजे १९५१ची इन्स्टिट्यूट ऑफ टाऊन प्लॅनर्स, इंडिया. तिचं सदस्यत्व मिळेल का, हे अभ्यासक्रमाची विषययादी जोडून प्रवेशाआधीच पत्राने विचारा. महाराष्ट्राच्या नगररचना विभागातली पदं एमपीएससीतून भरली जातात आणि तिथे पात्रता जाहिरातीच्या शब्दांवर ठरते. ब्रिटनच्या एक वर्षाच्या मास्टर्सबाबत जुलै २०२२ मध्ये भारत-ब्रिटन करार झाला, त्यामुळे ती पदवी सर्वसाधारणपणे ग्राह्य धरली जाते. पण अभियांत्रिकी, आर्किटेक्चर, कायदा, वैद्यकीय अशा व्यावसायिक पदव्या त्या कराराबाहेर आहेत. तुमच्या पदवीवर आर्किटेक्चरचा शिक्का असेल तर ही ओळ महत्त्वाची. सरकारी नोकरी हेच ध्येय असेल तर दोन वर्षांचा अभ्यासक्रम जास्त सुरक्षित.

देश निवडताना

ब्रिटनमध्ये एका वर्षात काम होतं, फी साधारण २२ ते ३५ हजार पौंड. शिक्षणानंतर राहण्यासाठी ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचाच मिळणार आहे. सप्टेंबर २०२६ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमाचं आर्थिक गणित १८ महिन्यांवरच मांडा.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, फक्त सत्राचं अंशदान असतं. अपवाद लक्षात ठेवा. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्टलाही, युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, आणि टीयू बर्लिनचा अर्बन मॅनेजमेंटसारखा अभ्यासक्रम सशुल्क आहे. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. मात्र जर्मन नगरपालिकांचं कामकाज जर्मनमध्येच चालतं. इंग्रजीतून शिकून जर्मन भाषेच्या बी-१ या मधल्या पातळीपर्यंतही न पोचलेला विद्यार्थी नियोजनाच्या नोकरीत अडतो. संगणक क्षेत्रातल्या मित्राला इंग्रजीवर नोकरी मिळाली म्हणून आपल्यालाही मिळेल असं समजू नये. नियोजन हे स्थानिक कायद्याचं आणि स्थानिक माणसांशी बोलण्याचं काम आहे.

नेदरलँड्समध्ये निवास परवान्याचा अर्ज विद्यापीठच करतं आणि शिक्षणानंतर एक वर्ष शोधवर्ष म्हणून मिळतं. अमेरिकेत दोन वर्षं लागतात, खर्च सर्वात जास्त. काही विभाग अध्यापन किंवा संशोधन साहाय्यक म्हणून घेतात आणि फी कमी करतात, त्यासाठी डिसेंबर-जानेवारीच्या पहिल्या मुदतीतच अर्ज जायला हवा. शिक्षणानंतरचा १२ महिन्यांचा कामाचा काळ आणखी २४ महिन्यांनी वाढेल की नाही, हे अभ्यासक्रमाच्या वर्गीकरण क्रमांकावर ठरतं. तो आय-२० वर, म्हणजे विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या फॉर्मवर, छापलेला असतो. प्रवेश घेण्याआधी विभागाला ई-मेलने विचारा.

एजंटांबद्दल एक सांगायला हवं. सल्ला फुकट असेल तर त्यांचं उत्पन्न बहुधा विद्यापीठाच्या कमिशनमधून येतं. जर्मनीची सरकारी विद्यापीठं असं कमिशन देत नाहीत, म्हणून तुमच्या यादीत ती येतच नाहीत. हे सगळे अर्ज स्वतः भरता येतात.

वेळापत्रक

पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरला वर्ग सुरू व्हायचे असतील तर या वर्षीच्या मे महिन्यात सुरुवात करा. मे-जूनमध्ये पासपोर्ट आणि नावांची जुळवाजुळव. जुलै-ऑगस्टमध्ये आयईएलटीएस किंवा टोफेल ही इंग्रजीची परीक्षा. नियोजनाच्या अभ्यासक्रमांत लेखनाला वजन असतं, त्यामुळे एकूण ७ असून लेखनात ६ आले तर अनेक ठिकाणी अर्ज अडतो. सप्टेंबरपर्यंत शिफारसपत्रं देणारे ठरलेले असावेत. ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीची मुदत साधारण ऑक्टोबरात संपते, आणि जर्मनीतल्या विकासविषयक शिष्यवृत्तीच्या अभ्यासक्रमांच्या मुदती बऱ्याचदा ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्येच असतात. म्हणजे शिष्यवृत्ती हवी असेल तर शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशाच्या आधी पूर्ण होतो, नंतर नाही. डेल्फ्टची मुदत जानेवारीच्या मध्याला, अमेरिकेची डिसेंबर-जानेवारीत. ब्रिटनमध्ये जागा भरेपर्यंत अर्ज घेतात, पण मार्चनंतर थांबणं धोक्याचं.

कागदपत्रं: अडचण बहुतेक वेळा नावात असते

आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव छापलेलं असतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, वडिलांचं नाव कधी ‘गिव्हन नेम’मध्ये असतं, कधी नसतं. पदवी प्रमाणपत्रावर तिसराच क्रम. अर्जात नेहमी पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा, आयईएलटीएसची नोंदणीही तशीच करा, आणि फरक असेल तर ‘या सर्व नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून जवळ ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र आधीच काढावं. स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी-जास्त असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागतं, आडनावच वेगळं असेल तर भागत नाही.

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे गुणपत्रिकांच्या झेरॉक्सचा गठ्ठा नव्हे. सगळ्या सत्रांचे विषय, क्रेडिट आणि श्रेणी एकत्र दाखवणारा, परीक्षा विभागाच्या सही-शिक्क्याचा दस्तऐवज असतो. कॉलेज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न असेल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून घ्या. स्वायत्त कॉलेज असेल तर कॉलेज देतं, आणि पदवी विद्यापीठाची असल्याने परदेशी कार्यालय गोंधळतं. अशा वेळी स्वायत्ततेचं पत्र सोबत जोडा. निदान पाच सीलबंद प्रती एकदमच काढा, शिवाय सीजीपीएचं टक्क्यांत रूपांतर करण्याचं सूत्र विद्यापीठाच्या लेटरहेडवर घ्या. इंटरनेटवरचं ९.५ ने गुणण्याचं सूत्र स्वतःहून लावू नका, ते तुमच्या विद्यापीठाचं असेलच असं नाही.

जर्मनीसाठी वेगळं सूत्र आहे. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्णतेच्या गुणांमधल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. सीजीपीए ७.५, कमाल १०, उत्तीर्णता ४ असेल तर १०−७.५ = २.५, भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.२५. जर्मनीत १ सर्वोत्तम आणि ४ उत्तीर्ण. अनेक अभ्यासक्रमांची मर्यादा २.५ असते, त्यामुळे हा आकडा अर्जाचे पैसे भरण्याआधीच काढून बघा. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, लागतं. शुल्क १८,००० रुपये, आणि गर्दीच्या दिवसांत ते मिळायला वेळ जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच अर्ज टाका.

एटीकेटी लपवू नका. गुणपत्रिकेवर प्रयत्नांची संख्या दिसतेच. एखाद-दुसरा विषय राहिला असेल तर त्यावर हेतुपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पज) शब्द खर्च करायचीही गरज नाही. पाच-सहा असतील तर एका वाक्यात कारण आणि पुढच्या वाक्यात नंतरच्या सत्रांतली सुधारणा, एवढं पुरतं.

शिफारसपत्रासाठी प्राचार्यांच्या सहीपेक्षा तुमचा प्रकल्प पाहिलेल्या प्राध्यापकांचं पत्र जास्त कामाचं. त्यांना तुमचा बायोडेटा, प्रकल्पाचा एक पानी सारांश आणि मुदतीची तारीख लेखी द्या. त्यांचा संस्थेचा ई-मेल आयडी सुरू आहे का, हेही आधी विचारा. जीमेलवरून आलेली पत्रं अनेक विद्यापीठं नाकारतात, आणि लिंक स्पॅममध्ये पडून मुदत हुकणं नेहमीचं आहे.

अर्जाचा कणा: सोलापूरचं स्वतः केलेलं काम

निवड समितीसमोर भारतातून शेकडो हेतुपत्रं येतात आणि त्यातली बरीचशी ‘लहानपणापासून मला शहरांचं आकर्षण’ अशी सुरू होतात. सोलापूरच्या विद्यार्थ्याला अशा वाक्याची गरजच नाही, कारण नियोजनशास्त्राचे मोठे प्रश्न याच शहरात डोळ्यांसमोर आहेत. १९९२ च्या हद्दवाढीने महापालिकेचं क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर झालं आणि रस्ते, ड्रेनेज, पाणी त्यामागे धावत राहिले. उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटरवरून येतं, तरी नळाला कित्येक वर्षं चार-पाच दिवसांआड पाणी येत राहिलं. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या बंद झाल्या आणि शहराच्या मध्यात मोठ्या जमिनी मोकळ्या झाल्या. विमानसेवेसाठी होटगी रस्त्यावरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, तेव्हा उद्योग, रोजगार आणि उड्डाणमार्ग यांचा जमीन वापराशी असलेला संबंध सगळ्या शहराने अनुभवला.

आणि कुंभारीचं रे नगर. असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची ही वसाहत, त्यातली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ रोजी हस्तांतरित झाली. विडी कामगार स्त्रिया घरीच विड्या वळतात, मग तेंदूपत्ता कारखान्यातून आणायचा आणि तयार विड्या पोचवायच्या, तर शहरापासूनचं अंतर आणि बसची वेळ त्यांच्या मजुरीवर थेट परिणाम करते. घर आणि कामाची जागा एकच असेल तर खोलीचं क्षेत्रफळ, उजेड, हवा यांचे निकषही बदलायला हवेत. लंडन किंवा रॉटरडॅमच्या वर्गात घरातून चालणाऱ्या रोजगाराबद्दल चर्चा होते, तेव्हा हे उदाहरण पुस्तकातल्या कोणत्याही उदाहरणाइतकं भक्कम ठरतं.

पण नुसतं उदाहरण सांगून चालत नाही, त्यावर काहीतरी मोजलेलं असावं लागतं. सुट्टीतले सहा-आठ आठवडे पुरतात. पद्धत अशी:

क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर उतरवा. विकास योजनेचा नकाशा पीडीएफमध्ये मिळाला तर ३०० डीपीआयवर प्रतिमा करून घ्या आणि जिओरेफरन्सरमध्ये, म्हणजे नकाशा खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवणाऱ्या साधनात, उघडा. नियंत्रण बिंदू, म्हणजे नकाशावर आणि प्रत्यक्षात दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या जागा, निदान सहा ते आठ घ्या आणि नकाशाभर पसरवा. न बदललेल्या जागा निवडा: भुईकोट किल्ल्याचे बुरूज, सिद्धेश्वर मंदिर, जुने रेल्वे पूल. सगळे बिंदू मध्यवस्तीत घेतले तर हद्दवाढ भागात नकाशा कित्येक मीटर सरकतो. रूपांतर पहिल्या दर्जाचं बहुपदी (पॉलिनॉमियल १) ठेवा. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ निवडलं की बिंदूंवरची चूक शून्य दिसते आणि नकाशा अचूक वाटतो, प्रत्यक्षात मधला भाग ताणलेला असतो. प्रक्षेपण यूटीएम विभाग ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ घ्या. ईपीएसजी ४३२६ वर, म्हणजे नुसत्या अक्षांश-रेखांशांवर, ठेवून क्षेत्रफळ काढलं तर उत्तर चौरस अंशांत येऊ शकतं, आणि ही चूक पोर्टफोलिओत लगेच पकडली जाते.

नंतर वाढ मोजा. १९९० च्या दशकासाठी लँडसॅट उपग्रहाची ३० मीटर आणि अलीकडच्यासाठी सेंटिनेल-२ ची १० मीटर विभेदनाची चित्रं मोफत मिळतात. इथे सोलापूरचा एक खास सापळा आहे. एप्रिल-मेमध्ये उघडी पडलेली शेतं आणि सिमेंटची बांधकामं वर्णपटात सारखीच दिसतात, त्यामुळे उन्हाळ्याचं चित्र घेतलं तर शहर फुगलेलं येतं. रब्बी ज्वारी उभी असते तेव्हाचं, डिसेंबर-जानेवारीचं निरभ्र चित्र घ्या आणि दोन्ही वर्षांसाठी महिना एकच ठेवा. मग वर्गीकरण तपासायला पन्नासएक यादृच्छिक बिंदू प्रत्यक्ष जागेवर किंवा स्पष्ट उपग्रह चित्रावर पाहून किती बरोबर आले ते टक्क्यांत लिहा. हा आकडा लिहिणारे अर्जदार थोडेच असतात.

तिसरा भाग पायी करायचा. एकच प्रभाग किंवा एकच रस्ता घ्या, मधला मारुतीचा बाजार किंवा अक्कलकोट रस्त्यावरची यंत्रमाग वसाहत. पाणी किती दिवसांनी आणि किती वेळ येतं, साठवणूक कशात होते, सिटी बसचा थांबा किती मिनिटांवर, पदपथ कुठे तुटतो, एवढंच तीस-चाळीस घरांना विचारा. उत्तरं नकाशावर मांडा.

लोकसंख्येचा आकडा देताना सावध राहा. २०११ च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. वर्ष न लिहिता तोच आकडा आजचा म्हणून देणं ही हेतुपत्रातली अगदी नेहमीची चूक. तसंच ‘सोलापूर स्मार्ट सिटी आहे’ एवढं लिहून थांबू नका. जानेवारी २०१६ च्या पहिल्या २० शहरांत सोलापूर होतं, अभियान मार्च २०२५ मध्ये संपलं. त्यातल्या एका कामाचं तुम्ही काय मूल्यमापन केलं ते लिहा.

हेतुपत्राचा सांगाडा मग आपोआप उभा राहतो: पाहिलेला प्रश्न, केलेलं मोजमाप, जिथे अडलात ती जागा, आणि ती सोडवायला त्यांच्या अभ्यासक्रमातला नेमका कोणता विषय हवा आहे. शब्दमर्यादा बहुधा ५०० ते १,००० असते. ‘एफएसआय’, ‘गुंठेवारी’, ‘डीपी आरक्षण’ असे शब्द आले तर अर्धं वाक्य समजावणीचं द्या. वाचणारा नियोजनतज्ज्ञ असतो, पण महाराष्ट्राचा १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा त्याने वाचलेला नसतो.

पोर्टफोलिओ मागितला तर आडव्या ए-४ ची १५ ते २० पानं, तीन-चार प्रकल्प, फाइल सांगितलेल्या मर्यादेत. प्रत्येक नकाशावर प्रमाणपट्टी, उत्तर दिशा, माहितीचा स्रोत आणि वर्ष हवंच. गटात केलेल्या कामात तुमचा वाटा कोणता ते स्पष्ट लिहा. थ्रीडी इमारतींची चकचकीत चित्रं कमी करा, विश्लेषणाचे नकाशे वाढवा.

पैसा

शिष्यवृत्तींत आधी सरकारी योजना पाहा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची योजना, आणि इतर मागास बहुजन कल्याण व आदिवासी विकास विभागांच्या स्वतंत्र योजना आहेत. राजर्षी शाहू आणि सारथी या दोन्हींत विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये लागतं. डॉर्टमुंडसारखं नियोजनात नावाजलेलं विद्यापीठ त्यात बसत नाही, म्हणजे शिष्यवृत्ती आणि अभ्यासक्रमाची यादी एकत्रच करावी लागते. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज योजनेत मर्यादा पहिल्या ५०० ची आहे, पदवीला ६० टक्के आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत. जाहिराती उन्हाळ्यात येतात आणि मुदत थोडी असते. उत्पन्नाचा व जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र मार्चपर्यंत हातात ठेवा आणि विद्यापीठाकडून विनाअट प्रवेशपत्र वेळेत मिळवा. अंतिम निकाल लागला नाही म्हणून पत्र सशर्त राहिलं आणि योजना हुकली, हे दर वर्षी घडतं.

जर्मनीच्या डीएएडी या शिष्यवृत्त्या देणाऱ्या संस्थेच्या विकासविषयक शिष्यवृत्तीला निदान दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. चिव्हनिंगला २,८०० तासांचा कामाचा अनुभव आणि नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट आहे. म्हणूनच दोन वर्षं महापालिकेच्या सल्लागार कंपनीत किंवा पुण्यातल्या नियोजन संस्थेत काम करून जाणं, पदवीनंतर लगेच जाण्यापेक्षा बहुतेकांसाठी चांगलं. जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती १८९२ पासून चालू आहे, तिचाही अर्ज करा.

कर्जाला तारण लागलं तर सोलापुरात मालमत्तेच्या कागदांवर गाडी अडते. गुंठेवारीतला प्लॉट, चार भावांच्या नावचा सातबारा, बांधकाम परवाना नसलेलं घर बँक सहसा घेत नाही. सिटी सर्व्हे उतारा, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि वकिलाचा ३० वर्षांचा शोध अहवाल ही कामं प्रवेशपत्र येण्याआधीच सुरू करा. कर्जाच्या रकमेतून परदेशी पाठवलेल्या पैशांवर टीसीएस, म्हणजे बँक आगाऊ घेते तो कर, लागत नाही. स्वतःच्या पैशांतून एका आर्थिक वर्षात १० लाखांपुढे पाठवलं तर लागतो, तो विवरणपत्रात वळता करता येतो.

व्हिसा

ब्रिटनसाठी राहणीमानाचा निधी नोव्हेंबर २०२५ पासून लंडनमध्ये महिना १,५२९ पौंड आणि इतरत्र १,१७१ पौंड दाखवावा लागतो, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा. म्हणजे लंडनला १३,७६१ आणि इतरत्र १०,५३९ पौंड, अधिक उरलेली फी. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी आणि एक दिवसही खाली जाऊ नये. खातं स्वतःचं किंवा आई-वडिलांचं चालतं, काका-मामांचं चालत नाही. आई-वडिलांचं असेल तर जन्मदाखला आणि संमतीपत्र लागतं. जुन्या जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नसतं, ते महापालिकेतून आधी नोंदवून घ्या. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असल्याने क्षयरोग तपासणी होते आणि ती ब्रिटिश सरकारच्या यादीतल्या दवाखान्यातच करावी लागते.

जर्मनीला ब्लॉक खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात, महिन्याला ९९२ मिळतात. म्युनिक किंवा हॅम्बुर्गच्या भाड्यात तेवढ्यावर भागणं कठीण, डॉर्टमुंड किंवा वायमारला जमतं. अमेरिकेसाठी ३५० डॉलरचं सेव्हिस (विद्यार्थी नोंदणी) शुल्क, मग मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. तिथे ‘प्लॅनिंग भारतात का नाही शिकत?’ हा प्रश्न येतो, आणि हेतुपत्रातलं सोलापूरचं कामच त्याचं उत्तर असतं.

पहिलं सत्र आणि प्रबंध

स्टुडिओ गटात चालतो आणि गुणही गटाला मिळतात. बैठकीत गप्प राहून रात्री सगळं काम एकट्याने करण्याची सवय आपल्याकडच्या मुलांत दिसते, त्याने गुण वाढत नाहीत. कोण काय करणार ते पहिल्या आठवड्यात लिहून घ्या. निबंधांत उताऱ्याचा स्रोत न देणं हा शिस्तभंग मानला जातो, शब्द बदलून लिहिलं तरी स्रोत द्यावाच लागतो. झोटेरो हे संदर्भांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर वापरायला जाण्याआधीच शिका. कामाचे तास कायद्याने मर्यादित आहेत: ब्रिटनमध्ये सत्रात आठवड्याला २०, नेदरलँड्समध्ये १६ आणि तेही मालकाने परवाना काढल्यावर, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस. या कमाईवर जेवण-खाण निघेल, फी निघणार नाही.

प्रबंध सोलापूरवर करायचा असेल तर विषय दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच मार्गदर्शकांना सांगा, कारण माणसांची मुलाखत घेण्याआधी विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची परवानगी लागते आणि तिला काही आठवडे जातात. परवानगीआधी गोळा केलेली माहिती प्रबंधात वापरता येत नाही, मग ती कितीही चांगली असो. सुट्टीत घरी येऊन सर्वेक्षण करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. संमतीपत्र मराठीबरोबर तेलुगूतही तयार करा, पूर्व भागातल्या अनेक घरांत तीच बोलभाषा आहे, आणि दोन्ही अनुवाद इंग्रजी मसुद्यासोबत समितीच्या अर्जालाच जोडा. महापालिकेकडून आकडे हवे असतील तर विभागाच्या लेटरहेडवरचं मार्गदर्शकांचं पत्र घेऊन या. त्यावर काम झालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे, त्याला ३० दिवसांची मुदत असते, ती प्रबंधाच्या वेळापत्रकात आधीच धरा.